रिपोर्ट चांगला आला

कॅन्सर नव्हता. शंभरदा सांगून झालं माझं, तरी हळदीकुंकवाला भेटलेल्या बायका कोपराने ढोसून विचारतातच, "तुमच्या मोठ्या जाऊबाईंना कॅन्सर झालेला ना गं? वाचल्या बिचाऱ्या!" माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. नव्हता गं बायांनो! आणि नव्हता, तरी तिची डावी छाती अख्खी गेली. छाती वाचली असती. टाके घालून, पट्टी बांधून आठ दिवसांत माझी जाऊ परत कामावर गेली असती, इतकी साधी गोष्ट होती. छाती का गेली आणि कोणामुळे गेली, ते सांगते. त्यात मीही आहे, तेही लपवणार नाही.

रत्नप्रभा वहिनी माझी थोरली जाऊ. मी शुभा, धाकटी. घाटकोपरला भटवाडीच्या चाळीत दोन खोल्यांत आम्ही राहायचो. सासूबाई, थोरले दीर काशीराम, रत्नप्रभा वहिनी, त्यांची अकरा वर्षांची जयंती आणि मी. माझा नवरा बोटीवर, वर्षातले नऊ महिने पाण्यावर, म्हणजे तो या गोष्टीत नाहीच असं समजा. भावोजी गिरणीत होते. ब्याऐंशीच्या संपात गिरणी गेली ती गेलीच, मग ते पंतनगरच्या एका सोसायटीत वॉचमन लागले. घर चालायचं वहिनीवर.

ती मुलुंडला एका औषधांच्या कंपनीत चेकिंगला होती. समोर काळी पाटी, डोक्यावर ट्यूबलाइट आणि हातात इंजेक्शनच्या काचेच्या कुप्या. कुपी उलटी करायची, सुलटी करायची, आत कण दिसला, केस दिसला, काचेचा चुरा दिसला की बाजूला काढायची. दिवसभर हेच. बाकीच्या बायकांच्या नजरेतून दुपारनंतर कण सुटायचे, हिच्या सुटायचे नाहीत. एकदा सुपरवायझरने लेबल नसलेला ट्रे पुढे ढकलला, म्हणाला, अगं कालचाच माल आहे, सही कर. हिने पेन खाली ठेवलं. "लेबल नाही तो माल नाही." तो ओरडला, साहेब आला, युनियनवाला आला. हिने सही केली नाही ती नाहीच.

बुटकी, अंगाने भरलेली, चालायची अशी की सोबत चालणाऱ्याला पळावं लागायचं. रेशनवाल्याशी भांडायची, नळावर भांडायची आणि भांडण संपलं की त्याच बाईला घरी नेऊन सुंगटाचं, म्हणजे कोलंबीचं, सुकं वाढायची. हसली की खालच्या मजल्यावर कळायचं. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा पहिले सहा महिने रोज रडायचे. तिने मला काय सांगितलं माहितीये? "रड, पण जेवून रड." असली बाई ती.

चौऱ्याऐंशीच्या जानेवारीत एकदा तिने मला मोरीत हाक मारली. "शुभा, इथे हात लाव." डाव्या छातीत, बाहेरच्या अंगाला, मोठ्या लिंबाएवढी गाठ. कडक, गुळगुळीत, बोटाखालून सरकायची. दुखत नव्हती. मी झटकन हात काढला. ती शांत. तिने आधीच घाटकोपरातल्या एका सर्जनची वेळ घेतली होती.

सासूबाईंनी ऐकलं आणि कपाळाला हात लावला. त्या मालवणातून मुंबईत येऊन चाळीस वर्षं झाली, पण बोलणं तिकडचंच. "दुखणा ना खुपणा, कशाक चिरून घेतंस?"

"आई, कुपीत कण दिसला की तो दुखतोय का असं मी विचारत नाही," वहिनी म्हणाली आणि गेली.

सर्जन म्हणाला, साधी गाठ दिसतेय, तरण्या पोरींना होते तसली, हिला जरा उशिरा झालीय एवढंच. फेब्रुवारीत एका शनिवारी सकाळी त्याने ती काढली. कशी काढली, तर गाठ तेवढी मोकळी करून उचलली, झालं. अर्ध्या तासाचं काम. मग रुंद तोंडाच्या काचेच्या बाटलीत, औषधाच्या पाण्यात घालून ती भावोजींच्या हातात दिली. बाटलीला चिकटपट्टी, चिकटपट्टीवर वहिनीचं नाव. सोबत चिठ्ठी. "स्टेशनजवळच्या लॅबमध्ये द्या. रिपोर्ट आला की मला दाखवा." तेव्हा असंच होतं. माणसाच्या अंगातून काढलेलं नातेवाइकांनीच पिशवीत घालून लॅबमध्ये न्यायचं. वहिनी सोमवारपर्यंत नर्सिंग होममध्येच राहणार होती.

भावोजी लॅबला पोचले तेव्हा लॅब बंद झालेली. शनिवार, अर्धा दिवस. बाटली घेऊन ते घरी आले आणि पिंपामागे ठेवली. सोमवारी नेऊ म्हणाले.

रविवारी सकाळी पाणी भरताना सासूबाईंना ती दिसली.

आमच्याकडे कापलेली नखं, विंचरलेले केससुद्धा उघड्यावर टाकत नाहीत. कोणाच्या हाती लागले तर करणी करतील ही भीती. इथे तर नखं-केस नाही, मांसाचा गोळा, सवाशिणीच्या छातीतला, आणि वर तिचं नाव लिहिलेलं. मला आज राग येतो, पण खोटं कशाला बोलू, सासूबाई खरंच घाबरल्या होत्या. "सवाशिणीचा मास बाटलेत घालून परक्याच्या हातात देतत? वर नाव लिवन? आणि ही गाठ तरी इली खंयसून? कोणीतरी केल्यानीच असतली. जिथली तिथे पाठवूक होयी."

भावोजी म्हणाले, "आई, डॉक्टर तपासून घ्या म्हणालेत."

"काढल्यानी ना? गेली ना? मग आता मेलेल्या मासाचा काय तपासतत?"

गरीब स्वभावाचा माणूस म्हणायचे लोक भावोजींना. मला या 'गरीब स्वभावा'ची आता शिसारी येते. आईपुढे गरीब, मुकादमापुढे गरीब, आणि त्याची फळं भोगायची बायकोने. त्यांनी एकदाही 'नाही' म्हटलं नाही. कापडी पिशवी आणली. त्यात बाटली, नारळ, लिंबू, मूठभर भात. भर बारा वाजता माय-लेक निघाले, भांडुपच्या खाडीकडे, मिठागरांच्या पलीकडे. दाराशी सासूबाई माझ्याकडे वळल्या. "शुभा, तू काय्येक बघूक नाय. समाजला?"

आणि मी मान हलवली. दोन वर्षांची नवी सून, पदरात मूल नाही, नवरा बोटीवर. मूग गिळून बसले. मलाही वाटलं, गाठ तर निघाली, आता तिचं काय करायचंय? माझी अक्कल तेवढीच होती. पण भीती जास्त होती, हे मी जास्त खरं मानते.

तीनला परत आले. बाहेरच पाय धुतले, मग आत. पिशवीत बाटली होती, रिकामी. आतलं खाडीत गेलं, बाटली परत आली! घट्ट झाकणाची चांगली काचेची बाटली, ती कोण टाकतंय? सासूबाईंनी राखेने तीनदा घासली, उन्हात ठेवली आणि चौथ्या दिवशी तिच्यात धुण्याचा सोडा भरून मोरीच्या फळीवर ठेवली. खाण्याचं काही ठेवलं नाही, एवढी देवाची कृपा.

आठ दिवसांनी वहिनीने नवऱ्याला विचारलं, "रिपोर्ट?"

"चांगला आला," भावोजी म्हणाले. "साधी गाठ. घाबरण्यासारखं काही नाही म्हणाले डॉक्टर."

"कागद कुठाय?"

"डॉक्टरांनी फायलीला लावला."

मी तिथेच चपात्या लाटत होते. माझा हात थांबला, परत चालू झाला. तिने आणखी दोनदा विचारलं असेल, दोन्ही वेळा तेच उत्तर. मग तिने विषय सोडला. टाके काढायला गेली तेव्हा सर्जनने जखम पाहिली, छान भरलीय म्हणाला आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. रिपोर्टचं त्याने विचारलं नाही. त्याच्याही नावाने मी बोटं मोडते, सोडत नाही. एकदा तोंडातून शब्द काढला असता तर वेळेत सगळं बाहेर पडलं असतं.

ऑक्टोबरात गाठ परत आली, तिथेच, जुन्या व्रणाखाली. दिवाळीत सुपारीएवढी होती, नाताळात कैरीएवढी, संक्रांतीला माझ्या मुठीत मावेना. कातडी ताणून चकचकीत झाली, वर निळ्या शिरा. ब्लाउज शिवायला टाकायची सोय उरली नाही, ती भावोजींचा जुना सदरा वर घालून कामाला जायची. दुखत मात्र अजूनही नव्हती. ती म्हणायची, "दुखली असती तर बरं झालं असतं गं, आधी पळाले असते."

या वेळी ती सर्जनकडे गेली नाही, म्युनिसिपालटीच्या मोठ्या हॉस्पिटलात गेली. तिथे एक तरुण डॉक्टरीण होती, एमिलिया डिमेलो. मुलुंड गावठाणातली, आपल्यासारखंच खणखणीत मराठी बोलणारी. मी आणि भावोजी सोबत होतो. तिने तपासलं आणि पहिला प्रश्न केला, "आधीची गाठ काय निघाली होती? रिपोर्ट दाखवा."

भावोजी म्हणाले, "हरवला."

"हरवला?" वहिनी वळली. "फायलीला लावला होता ना?"

"म्हणजे... त्यांच्याकडनं हरवला."

डॉक्टरीण म्हणाली, हरकत नाही, लॅबच्या रजिस्टरात असतो, नक्कल आणा. "मला ते नाव फार गरजेचं आहे बाई. एवढ्या भराभर वाढणारी गाठ दोनच तऱ्हेची असते. एक वाईट आणि एक वाईट नसलेली. पहिली काय होती ते कळलं तर किती कापायचं ते मला ठरवता येईल."

दुसऱ्या दिवशी वहिनीने अर्धी रजा टाकली आणि एकटी लॅबमध्ये गेली. रजिस्टर मागितलं. तो क्लार्क देईना, तर तिथेच उभी राहिली. शेवटी त्याने पुढे टाकलं. ऑपरेशनची तारीख, मागचा आठवडा, पुढचा महिना, नंबरामागून नंबर तिने बोट लावून पाहिला, आपल्या कुप्या पाहते तसा. एकही नंबर गाळलेला नव्हता आणि त्यात तिचं नाव नव्हतं.

घरी आली. साडी बदलली, जयंतीचे शाळेचे कपडे धुवायला घेतले. मी ओट्यापाशी होते. सोड्यासाठी तिने फळीवरची बाटली उचलली आणि तशीच हातात धरून राहिली. मग उजेडाकडे नेली, उलटी केली. बुडाशी चिकटपट्टीचा बोटभर तुकडा राहिला होता. राखेने घासूनही सुटला नव्हता. त्यावर निळ्या शाईत 'प्रभा का' एवढं वाचता येत होतं.

वर्षभर ती याच बाटलीतून सोडा घेत होती. दिवसाला हजारो कुप्या पाहणारी बाई.

तिने सगळा सोडा मोरीत ओतला. बाटली आणून खोलीच्या मधोमध फरशीवर ठेवली. सासूबाई वाती वळत होत्या, भावोजी ड्यूटीवर जायला निघत होते.

"ही कुठनं आली?"

सासूबाई वातीच वळत राहिल्या, तशी वहिनी माझ्याकडे वळली. "शुभा, तू सांग."

मी सांगितलं. पिंपामागून खाडीपर्यंत सगळं सांगितलं. सांगताना मला तिच्याकडे बघवलं नाही.

"तुला माहीत होतं," ती म्हणाली. मी हो म्हटलं.

सासूबाई मध्येच उसळल्या, "मी तुझ्या बऱ्यासाठीच केलंय गो! माका काय हौस होती?"

वहिनीने त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती भावोजींकडे बघत होती. "आई अडाणी आहे. तिला भीती वाटली, तिने केलं. तुम्ही काय म्हणालात मला? रिपोर्ट चांगला आला. कोणी दिला तो रिपोर्ट? खाडीने?"

"तुला काळजी नको म्हणून..."

"माझी काळजी? मी तीनदा विचारलं! तीनदा! माझ्या अंगातलं मांस होतं ते, तुमच्या आईच्या घरचा नारळ नव्हता!" तिचा आवाज चाळभर गेला. दाराशी बायका जमल्या. ती थांबली नाही. "आणि वर मला त्याच बाटलीतून सोडा काढायला लावलात. लाज नाही वाटली कोणाला?"

भावोजी रडायला लागले. मला तेव्हाच त्यांची किळस आली. रडायचं तिने होतं.

गाठीचा एक तुकडा काढून हॉस्पिटलने तपासायला पाठवला. वहिनीला न सांगताच भावोजी कागद घ्यायला गेले आणि तो घेऊन डॉक्टरकडे न जाता गल्लीतल्या कंपाउंडरकडे गेले. कागदावर इंग्रजीत नाव होतं, सिस्टोसार्कोमा फायलोड्स. कंपाउंडरने चष्मा वर करून सांगितलं, "सार्कोमा म्हणजे कॅन्सरच की ओ."

झालं, वाट लागली! संध्याकाळपर्यंत अख्ख्या भटवाडीला कळलं. सासूबाईंनी वहिनीचं ताट-पेला वेगळा काढला. जयंतीला माझ्याजवळ झोपायला धाडलं, वर ताकीद, आईला शिवू नको. भावोजी पायरीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, "पोरीच्या लग्नाचं कसं होणार आता?" अहो, बायको जिवंत आत बसलीय, सगळं ऐकतेय! वहिनी उठली, तिने तो वेगळा काढलेला पेला घेतला, पाणी प्यायली आणि तोच पेला सगळ्यांच्या पेल्यांत नेऊन ठेवला. मला म्हणाली, "उद्या माझ्याबरोबर चल. ज्याने लेबल लावलंय त्यालाच वाचायला सांगू."

भांडणानंतर आठ दिवसांत माझ्याशी बोललेलं तिचं ते पहिलं वाक्य.

एमिलिया डॉक्टरने कागद वाचला आणि टेबलावर हात आपटला. "कोणी सांगितलं कॅन्सर? हे नाव जुनं आहे बाई. दीडशे वर्षांपूर्वी एका जर्मन डॉक्टरने गाठ कापली, त्याला मांसासारखी दिसली, त्याने दिलं नाव ठोकून. तेव्हापासून बायका त्या नावाला घाबरून मरतायत. नाव बदललंय खरं, पण कागदावर अजून जुनंच लिहितात." मग तिने कागदाच्या पाठीवर चित्र काढलं. गाठीच्या आत फटी असतात आणि फटींत पानासारखे पदर वाढत जातात. फायलोड्स म्हणजे पानासारखं.

वहिनी वाकून बघत होती. "अळूवडीचा उंडा कापल्यावर दिसतं तसं?"

डॉक्टर हसली. "अगदी तसं. फार क्वचित होते ही गाठ, शंभर गाठींत एखादी. बहुतेक वेळा साधीच असते, अंगात दुसरीकडे पसरत नाही. पण हिची एक खोड आहे. हिच्याभोवतीचं बोटभर चांगलं मांस घेऊन हिला काढावं लागतं. नुसती गाठ उचलली तर कडेला उरलेल्या पदरातून परत येते आणि मोठी होऊन येते."

"म्हणजे पहिल्या वेळी..."

"पहिल्या वेळी रिपोर्ट आला असता तर त्यावर हेच नाव असतं. सर्जनने परत बोलावून कडेचं बोटभर मांस काढलं असतं. लिंबाएवढी तर गाठ होती. छातीला खळगा पडला असता एवढाच." डॉक्टरने चित्रावर मोठा गोल काढला. "आता गाठीनेच सगळी जागा घेतलीय. बोटभर सोडून कापायचं तर मागे काही उरत नाही. अख्खी काढावी लागेल."

वहिनीने चित्रातल्या पदरांवरून बोट फिरवलं. मला वाटलं आता फुटेल. तिने विचारलं, "आणि त्या तुकड्यावरून तुम्ही साधी म्हणताय, ते नक्की?"

"तुकडा साधा आहे. परत आलेली गाठ कधी कधी उलटते. अख्खी काढून तपासल्याशिवाय मी शंभर टक्के सांगणार नाही. खोटं कशाला सांगू?"

"नका सांगू," वहिनी म्हणाली. "निदान माझ्याशी कोणीतरी खरं बोललं."

बाहेर व्हरांड्यात येऊन मात्र ती भिंतीला टेकली आणि रडली. जोरात, लहान पोरासारखी, येणारे-जाणारे थांबून बघत होते. "जेवून रड" म्हणणारी ती बाई सकाळपासून उपाशी होती. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. तिने तो झटकला नाही, पण धरलाही नाही.

पंच्याऐंशीच्या फेब्रुवारीत ऑपरेशन झालं. पहिल्याला बरोबर एक वर्ष आणि चार दिवस. दुपारी तिला वॉर्डात आणलं. गुंगीतच होती. सिस्टर आली, हातात झाकणाची प्लास्टिकची छोटी बादली. म्हणाली, तिसऱ्या मजल्यावर तपासणी खात्यात नेऊन द्या, वॉर्डबॉय जागेवर नाही. भावोजी पुढे झाले.

वहिनीने डोळे उघडले. आवाज फुटत नव्हता, तरी ऐकू आलं. "तुम्ही हात लावायचा नाही." मग माझ्याकडे बघून, "शुभा नेईल. तूच ने."

मी बादली घेतली. जड होती. ते वजन माझ्या हातांना अजून आठवतं. तिने मला थांबवलं. "लेबल वाच."

मी वाचलं. नाव, वय, वॉर्ड, तारीख. डावी बाजू.

"आता जा. नंबर घे. त्याने वहीत लिहिलेलं बघून ये."

मी तीन मजले चढले. खिडकीवरचा माणूस म्हणाला, ठेवा तिथे. मी म्हटलं, आधी लिहा. तो म्हणाला, लिहितो नंतर, जा तुम्ही. मी म्हटलं, माझ्यासमोर लिहा, नाहीतर मी इथून हलत नाही. मला मोठ्याने बोलायची सवय नव्हती, त्या दिवशी लागली. त्याने लिहिलं. नंबर मी तळहातावर उतरवून घेतला आणि खाली येऊन तिला दाखवला. तिने माझा हात धरून नंबर वाचला आणि मग झोपली.

दहा दिवसांनी रिपोर्ट आणायला आम्ही दोघीच गेलो. एमिलिया डॉक्टरने वाचून दाखवला. साधी गाठ. उलटलेली नाही. चारी बाजूंच्या कडा स्वच्छ, गाठीचा अंश नाही. "तुम्ही सुटलात बाई," ती म्हणाली. वहिनीने कागद मागून घेतला, स्वतः पाहिला, मला वाचायला दिला, परत घेतला. घडी करून ब्लाउजच्या उजव्या बाजूला ठेवला. डावीकडे पट्टी होती.

घरी भावोजी दारातच उभे होते. रजा टाकली होती त्यांनी. मागे सासूबाई, हातात जपाची माळ.

"काय आला रिपोर्ट?"

वहिनी चप्पल काढत होती. वर न बघता म्हणाली, "चांगला आला."

"कागद कुठाय?"

"डॉक्टरांनी फायलीला लावला."

भावोजींचा चेहरा पांढराफटक पडला. मी सगळं ऐकत होते. या वेळी मी मुद्दाम गप्प बसले.

दुसऱ्या दिवशी तो कागद कंपनीतल्या तिच्या लॉकरमध्ये गेला. आजही तिथेच आहे. एक बाजू चपटी ठेवून ती महिन्याभरात कामावर गेली, व्रणाला शिवण टोचू नये म्हणून ब्लाउजला आतून मऊ कापडी पट्ट्या मीच शिवून दिल्या. काळ्या पाटीसमोर परत बसली. भांडते, हसते, खालच्या मजल्यावर कळतं. मी चाळीतल्या बायकांना सांगते कॅन्सर नव्हता, ते भावोजींच्या कानावर जातंच. पण त्यांचा विश्वास बसत नाही. आमच्या घरात 'चांगला आला' कसं म्हणतात ते त्यांना ठाऊक आहे ना! वहिनी खोकली की ते दचकतात. तिने जेवण कमी केलं की ताटाकडे बघत बसतात. हॉस्पिटल कुठे पळून गेलेलं नाही. बसमध्ये बसून डॉक्टरला विचारून यावं, वीस मिनिटांचं काम. चार वर्षांत गेले नाहीत. त्यांच्या वाटचंही कोणीतरी जाऊन करायला हवं असतं.

यंदा, एकोणनव्वदच्या गणपतीत, मी अळूवडीचे उंडे कापत बसले होते. वहिनी कामावर होती, सासूबाई पडल्या होत्या. भावोजी आले आणि समोर बसले. ताटातल्या चकत्यांकडे बघत होते. खूप म्हातारे दिसायला लागलेत.

"शुभा," ते म्हणाले, "कागद तू वाचलायस. मला खरं सांग. काय होतं त्यात?"

"चांगला आला," मी म्हटलं. खरं तेच सांगितलं.

"देवाची शपथ घे."

मी विळीवरचा हात थांबवला नाही. म्हटलं, "त्या वर्षी तुम्ही घेतली होतीत?"

ते तिथेच बसून राहिले. मी उरलेला उंडा कापून संपवला आणि वड्या तळायला घेतल्या.